आघाड्याला आमंत्रण

आघाडा तुम्ही पाहिला नाही असं होणारच नाही. फार तर नाव माहीत नसेल. रिकाम्या जागेतून घाईघाईनं आलात, घरी येऊन बघता तर पायजम्याला बारीक टोकदार दाणे चिकटलेले, आणि ते एकेक काढताना तुम्ही ज्याचा उद्धार केलात, तो आघाडा. त्याला कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, आणि तो काही केल्या मरत नाही. मीही जन्मात कधी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पण मध्यंतरी मी त्याच आघाड्यापुढे हात जोडून उभा राहिलो आणि त्याला आमच्या घरी यायचं आमंत्रण दिलं. मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते सांगायला मला तोंड राहणार नाही.

सगळं सुरू झालं ते माझ्या बदलीवरून. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर असतो. लोक येतात, नळाला पाणी नाही म्हणून माझ्यावर ओरडतात, आणि मी ‘हो, बघतो’ म्हणतो. एवढंच माझं काम, आणि ते मी इतकी वर्षं बिनतक्रार केलं. तर आमच्या साहेबांनी एके दिवशी मला बोलावून सांगितलं, की धरणावरच्या उपकेंद्रात माणूस हवा आहे, तुमचं नाव घातलंय, शुक्रवारी सही करणार, काही म्हणायचं असेल तर त्याआधी या. मी काय म्हणावं? मी म्हणालो, “हो साहेब. छान.” यातलं ‘हो साहेब’ सवयीचं होतं. ‘छान’ कुठून आलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझं दुखणंच हे आहे. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. दुकानदारानं न मागितलेली वस्तू पिशवीत घातली तर मी ती घरी आणतो. बायकोच्या मते मला झोपेतही कोणी उठवून ‘जरा सरका’ म्हटलं तर मी पलंगावरून खाली पडेन.

पण या वेळी प्रश्न माझा एकट्याचा नव्हता. माझ्या वडिलांना आता दिसत नाही. घरात मात्र ते असे वावरतात की नवख्या माणसाला पत्ता लागू नये. पलंगाचा कोपरा, मग कपाटाची कड, मग दाराची चौकट, तिथून हात लांबवला की गॅलरीचा कठडा. हे त्यांनी पडत, धडपडत, कपाळाला टेंगळं आणत पाठ केलेलं आहे, आणि त्या सगळ्या दिवसांत मी त्यांच्या मागे श्वास रोखून उभा असायचो. आता या वयात त्यांना परक्या घरात नेऊन पुन्हा भिंती चाचपायला लावायच्या? बदलीचं ऐकून बाबा म्हणाले, “जाऊ की! धरणाचा आवाज येत असेल ना रे तिथं? बरं वाटेल.” हे म्हणताना त्यांनी कपाटाची कड अशी घट्ट धरली होती, की मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुतलं.

“साहेबांना सरळ जाऊन नाही म्हणा,” बायको म्हणाली.

“हो, बघतो,” मी म्हणालो.

तिनं कपाळावर हात मारला. आणि तिच्या दुर्दैवानं त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या मावशी विरजण मागायला आल्या होत्या. त्या कोणाच्या मावशी, हे कोणाला माहीत नाही, पण अख्खी इमारत त्यांना मावशीच म्हणते. त्यांनी विरजणाची वाटी खाली ठेवली आणि दार लोटून घेतलं.

“अरे, एवढ्यासाठी जीव कशाला जाळतोस? आघाड्याचं मूळ खिशात ठेव आणि जा. समोरच्याच्या तोंडून नाही निघतच नाही! आमच्या ह्यांच्या काकांनी त्या मुळावर अख्खा खटला जिंकला होता.”

“मावशी, मी विज्ञानाचा—”

“विज्ञानानं तुझी बदली थांबतेय का?”

मग मावशींनी नियम सांगितले. मूळ असंच उपटून चालत नाही, त्यात काही दम राहत नाही. आदल्या संध्याकाळी झाडाजवळ जायचं आणि पाहुण्याला बोलावतात तसं त्याला रीतसर घरी बोलवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी खणायचं, पण लोखंड लावायचं नाही. आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. मूळ हातात आल्यापासून घराचा उंबरा ओलांडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, आणि कोणी काही विचारलं तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

“आणि एक मूळ, एकच काम. त्याच झाडाच्या पाल्यानं दुसरा काही उपचार करायला गेलास तर सगळं फुकट,” मावशी म्हणाल्या आणि विरजण न घेताच गेल्या.

आमच्या इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा आहे, तिथं आघाडा माजलेला आहे. मी नुसता बघायला म्हणून गेलो आणि जरा वाकलो, तोच टाकीवरचा राखणदार शिट्टी वाजवत धावत आला. ही जागा सरकारी आहे, इथलं पानसुद्धा तोडायचं असेल तर उद्यान खात्याची परवानगी आणा म्हणाला. इथं दुसरा कोणी असता तर त्यानं त्याला वाटेला लावलं असतं. मी ‘हो’ म्हणालो आणि अर्धी रजा टाकून उद्यान खात्यात गेलो.

तिथल्या कारकुनानं माझं म्हणणं फार शांतपणे ऐकून घेतलं. मीही कारकूनच असल्यामुळे ती शांतता कसली असते ते मला ठाऊक आहे.

“झाड आहे की गवत?” त्यानं विचारलं.

“मधलं काहीतरी आहे. गुडघ्याच्या वर येतं.”

“मधलं आमच्याकडे नाही. झाड असेल तर या खिडकीवर. गवत असेल तर सफाई खातं, मागच्या दारानं. आम्ही लावलेलं आहे का?”

“कोणीच लावलेलं नाही. आपोआप उगवलंय.”

“मग झालं तर! आम्ही लावलेलं असतं तर ते उपटू दिलं नसतं. लावलेलं नाही म्हणजे ते आमच्या दृष्टीनं तिथं नाहीच. जे नाहीच त्याची परवानगी कशी देणार?”

“म्हणजे मी उपटू?”

“बिनपरवानगी?” तो केवढ्यानं तरी दचकला.

मी खाली मान घालून निघालो, तर दारापर्यंत तो मागे आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, “आघाडाच ना? मूळ पाहिजे असेल. मलाही एक आणा ना राव. माझी बढती अडकून पडलीय.” मी त्यालाही ‘हो, बघतो’ म्हटलं, हे सांगायला नकोच.

गुरुवारी संध्याकाळी राखणदार चहा प्यायला गेलेला बघून मी टाकीमागे पोचलो. एक बरंसं टवटवीत झाड निवडलं. झाडाशी काय बोलावं ते सुचेना. तू म्हणावं की तुम्ही? काम आपलं अडलंय, तेव्हा मानानंच बोलावं असं ठरवलं. मी हात जोडले, जरा वाकलो आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, “उद्या सकाळी आमच्या घरी यावं. फार महत्त्वाचं काम आहे. कृपा करून नाही म्हणू नये.”

“अहो, नाही कशाला म्हणेन?” उत्तर आलं. “किती वाजता येऊ?”

माझी बोबडीच वळली. एक क्षणभर, खोटं कशाला सांगू, माझा विज्ञानावरचा विश्वास पार उडाला. मग टाकीच्या कुंपणापलीकडून आमच्या समोरच्या घरातले ‘डॉक्टर’ वर आले. हे खरे डॉक्टर नव्हेत. जन्मभर एका दवाखान्यात पुड्या बांधून, बाटल्या भरून निवृत्त झालेले कंपाउंडर आहेत, पण आता रोग्यांना अडवायला खरे डॉक्टर मध्ये नसल्यामुळे त्यांचा धंदा, म्हणजे फुकटचा सल्ला, जोरात चालतो. संध्याकाळी ते कुंपणामागे ओणवे होऊन व्यायाम करतात.

“इतकी वर्षं समोरासमोर राहतो, पण इतक्या अगत्यानं तुम्ही कधी बोलावलं नव्हतं हो,” ते म्हणाले. आता त्यांना काय सांगणार, की मी तुम्हाला नव्हे, या रोपट्याला बोलावत होतो?

“या ना,” मी म्हणालो. “चहालाच या.”

शुक्रवारी सकाळी मी घरातलं लाकडी उलथनं पायजम्याच्या नाडीत खोचून बाहेर पडलो. पहिली पंचाईत सावलीची झाली. ऊन पाठीवर होतं. उभा राहिलो की सावली झाडावर. दुसऱ्या बाजूनं जावं तर तिकडे टाकीची भिंत. शेवटी मी जमिनीवर पालथा झोपलो आणि सरपटत पुढे गेलो. आघाड्यानं माझं स्वागत फार जिव्हाळ्यानं केलं. सदरा, बाह्या, मिशा, जिथे म्हणून दाणे चिकटणं शक्य होतं तिथे ते चिकटले. मी उलथन्यानं माती उकरायला लागलो आणि उलथनं कटकन मोडलं. मग हातांनी उपटून पाहिलं. झाड हलेना. वेळ तर जात होता, राखणदार कधीही आला असता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी खोड दातांत धरलं आणि डोकं जोरानं मागे झटकलं.

मूळ निघालं. त्याबरोबर माझ्या डाव्या दाढेतून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ही दाढ बरेच दिवस कुरकुरत होती आणि दाताच्या डॉक्टरची मला भीती वाटते म्हणून मी तिची समजूत घालत आलो होतो. आता तिनं उघड बंड केलं. मी मूळ मुठीत धरून तसाच पालथा पडून राहिलो.

एवढ्यात रोज सकाळी चालायला येणाऱ्या शाळेच्या बाई तिथे पोचल्या.

“अगंबाई! कोण पडलंय हे? अहो, बरं वाटत नाही का? ऐकू येतंय का?”

ऐकू येत होतं, पण मूळ हातात होतं आणि बोलायचं नव्हतं. मी उठलो आणि सरळ चालायला लागलो. त्या मागून हाका मारू लागल्या. मागे बघायचं नव्हतं. “याला काहीतरी झालंय हो, धरा त्याला!” असं त्या ओरडल्या आणि राखणदाराची शिट्टी वाजली. मग मात्र मी धावलो. तोंडाला माती, मिशीत दाणे, हातात झाड, नाडीत अर्धं उलथनं, अशा अवतारात तक्रार निवारण विभागाचा वरिष्ठ कारकून भर सकाळी रस्त्यानं पळतोय हे पुष्कळांनी पाहिलं. त्यांतले निम्मे तरी मला कार्यालयात भेटतात.

घरात आलो, तर टेबलाशी डॉक्टर बसलेले. इस्त्रीचे कपडे घालून, भांग पाडून आले होते. बायको त्यांना टोस्ट वाढत होती, आणि हे आमंत्रण कसलं, असं डोळ्यांनी मला विचारत होती.

“गालाला काय झालं?” डॉक्टरांनी माझ्याकडे बघताक्षणीच ओळखलं. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली आणि त्यांचा चेहरा खुलला. “वा! औषध स्वतःच घेऊन आलात की! आघाडा म्हणजे दाढेला रामबाण. याच्या काडीनं दात घासा, हलणारे दात बसतात. पाला ठेचून लावा, गांधीलमाशीची आग जाते. खोकल्याला याची राख, मूळव्याधीला याचं बी. वहिनी, पाणी उकळत ठेवा.”

“खबरदार पाल्याला हात लावलात तर!” दारातून मावशी कडाडल्या. त्या माझ्याच वाटेवर डोळे लावून बसल्या असणार. “एक मूळ, एक काम! सांगितलं होतं ना तुला?”

“अहो, माणसाचा गाल बघा! याला आधी दुखणं थांबवायला पाहिजे की जादूटोणा पाहिजे?”

“याची बदली थांबवायला पाहिजे! गाल काय, आज ना उद्या उतरेल!”

दोघांचं असं काही जुंपलं, की आतून बाबा चाचपत बाहेर आले आणि म्हणाले, “त्याला विचारा ना कोणीतरी, त्याला काय पाहिजे ते.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दोघांनाही हो म्हणालो. मूळ शर्टाच्या खिशात गेलं आणि पाल्याचा काढा बाटलीत. एक मोठा घोट तोंडात घ्यायचा, दुखऱ्या बाजूला धरून ठेवायचा आणि दाढ बधिर होईपर्यंत गिळायचा नाही की थुंकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. “गिळलात तर पोटाचं मी सांगत नाही,” असंही ते म्हणाले.

कार्यालयात पोचेपर्यंत दाढेनं माझा जीव खाल्ला होता. साहेब दुपारपर्यंत येणार नाहीत असं कळलं म्हणून मी टेबलाशी बसून बाटली उघडली आणि भलामोठा घोट भरला. चव कशी होती ते मी सांगणार नाही, तुमच्या घरी लहान मुलं असतील. तोंड भरलं आणि शिपाई समोर उभा.

“साहेब आलेत. तुम्हाला आत्ता बोलावलंय. सही करतायत.”

मी मोरीकडे पळालो, तर मोरीच्या वाटेवर साहेब स्वतःच खोलीचं दार उघडून उभे. “या, या,” म्हणून त्यांनी मला खांद्याला धरून आत घेतलं आणि समोर बसवलं. खोलीत एकही कुंडी नव्हती, खिडकी बंद होती, आणि कचऱ्याची टोपली साहेबांच्या पायाशी होती.

“हं, बदलीचं काय?” साहेब म्हणाले. “निघायची तयारी झाली ना?”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

माझ्या सबंध नोकरीत साहेबांनी काही विचारलं आणि मी हो म्हटलं नाही असं प्रथमच होत होतं. त्यांना ते समजायला जरा वेळ लागला.

“म्हणजे... तुमचा नकार आहे की काय?”

काढा आता जिभेखालून घशाकडे वाट शोधायला लागला होता. मी दातओठ घट्ट मिटले. माझे गाल फुगले असावेत आणि डोळे लाल झाले असावेत, कारण साहेबांनी खुर्ची थोडी मागे सरकवली.

“हे बघा, रागावायचं काही कारण नाही. कोणाला तरी जावंच लागतं. मी काही मुद्दाम तुमचं नाव घातलं नाही.” मी बघतच होतो. “म्हणजे, तुमच्या मनात काय चाललंय ते कळतंय मला. कार्यालयात बोलतात लोक. साहेबांचा भाचा एवढा तरणाबांड, लग्न नाही, घरची जबाबदारी नाही, त्याला का पाठवत नाहीत. असंच ना?”

देवाशपथ सांगतो, भाचा माझ्या डोक्यातही नव्हता. माझ्या डोक्यात फक्त ती कचऱ्याची टोपली होती.

“तो अजून कामात नवा आहे हो,” साहेब टाय सैल करत म्हणाले. “म्हणजे, शिकेल. तिथं गेला तर लवकर शिकेल म्हणा. इथं नुसता माझ्या खोलीत येऊन बसतो. बहिणीला काय सांगू? बहिणीला सांगेन काहीतरी.” त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. “असं बघू नका हो माझ्याकडे! बरं, भाचा जाईल. तुमचं नाव काढलं. झालं समाधान?”

आणि त्यांनी पुढे वाकून माझ्या पाठीवर थाप मारली. काढा एका दमात खाली गेला. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. साहेब विरघळले.

“अहो, रडता काय! मला तुमची किंमतच कळली नव्हती. एक शब्द न बोलता माणसाला घाम फोडता तुम्ही! असा माणूस तक्रारीच्या टेबलावर कशाला? मुख्य कार्यालयात वरची जागा रिकामी आहे. पगार वाढेल, स्वतःची खोली मिळेल. गाव जरा लांब आहे, धरणाहूनही लांब, पण ते काय हो! मी आजच तुमचं नाव कळवतो. चालेल ना?”

आता माझं तोंड रिकामं होतं. जिभेवर ‘हो साहेब’ येऊन उभं होतं, मागे ‘छान’ही तयार होतं. दाढ बधिर झाली होती पण डोकं नव्हतं. मला दिसले ते बाबा. परक्या घराच्या मधोमध दोन्ही हात पुढे करून उभे, आणि हाताला काहीच लागत नाहीये. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

“नाही, साहेब,” मी म्हणालो.

आवाज चिरका निघाला, पण निघाला. एकदा निघाल्यावर पुढचंही निघालं. घरी वडील आहेत, त्यांना दिसत नाही, ते घर त्यांना हातानं पाठ आहे, आणि ते असेपर्यंत मी ते सोडणार नाही, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“एवढंच होतं,” ते म्हणाले, “तर त्या दिवशी छान कशाला म्हणालात?”

संध्याकाळी घरी ही हकीकत सांगितली तेव्हा जिन्यात मोठंच रण माजलं. मावशींच्या मते मुळाचा गुण, डॉक्टरांच्या मते काढ्याचा. दोघंही मला साक्षीला बोलावत होते. बाबांनी मात्र माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, “बरं केलंस. मला तिकडं यायचं नव्हतं रे. माझ्याच्यानं तुला नाही म्हणवत नव्हतं, म्हणून म्हणालो जाऊ.” माझं हे दुखणं कुठून आलं ते तेव्हा मला कळलं.

मी विजयी मुद्रेनं स्वयंपाकघरात गेलो. बायको गॅसजवळ उभी होती. माझं कौतुक तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, नाही असं नाही.

“उद्या सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय,” ती म्हणाली. “वेळ घेऊन ठेवलीय.”

आता मला ‘नाही’ म्हणता येत होतं. साहेबांसारख्या साहेबाला म्हटलं होतं. मी छाती काढून, स्पष्ट आवाजात म्हणालो, “नाही.”

तिनं गॅस बंद केला. माझ्याकडे वळली आणि बघत राहिली. एक शब्द बोलली नाही. तिच्या तोंडात काढाबिढा काही नव्हता.

“किती वाजता?” मी विचारलं.